पंचविसावी कात्री

पुण्याहून आलेल्या डॉक्टरांनी गुलाबाचं झाड बुंध्याशी धरून मुळासकट उपटलं आणि सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. बुंध्याला लिंबाएवढी खडबडीत, भुरकट गाठ आली होती.

"ह्या गाठीला औषध नाही," ते म्हणाले. "झाड उपटायचं आणि जाळायचं. रोग आला असेल गेल्या वर्षीच्या नव्या रोपांबरोबर, पण पसरला तो कात्रीनं. आजारी झाड कापलं आणि त्याच पात्यानं चांगलं झाड कापलं, की झालं."

कात्री म्हटल्याबरोबर तोडणीच्या अकरा बायकांच्या माना एकदम दाराकडे वळल्या. दारात रिकाम्या बादल्यांची चळत पोटाशी धरून झुंबरबाई उभी होती. हे डॉक्टर झाडांचे, माणसांचे नव्हेत, हे तिला ठाऊक होतं. तरी आपल्याच अंगात काही वाईट सापडावं तसं तिला झालं आणि बादल्या खाली ठेवायचंही तिला सुचेना.

दिंडोरी रोडला म्हसरूळ मागे पडलं की गोरक्षभाऊंची पाच पॉलिहाऊसं लागतात. पूर्वी तिथे द्राक्षाची बाग होती. भाऊंचे वडील गेले, मागोमाग बाग गेली आणि गुलाब आले. एकात पांढरा, एकात लाल, एकात पिवळा आणि दोन गुलाबी. फुलं तोडायला अकरा बायका, फवारणीला दोन गडी, सगळ्यांवर नजर ठेवायला सुपरवायझर दत्तू, आणि या सगळ्यांनी हाताळलेलं जे जे काही असेल ते धुवायला एकटी झुंबरबाई. पेठकडच्या डोंगरातून ती नवऱ्याबरोबर द्राक्षाच्या कामाला आली होती. नवरा वारला, ती राहिली. पाण्याच्या टाकीला लागून तिला एक पत्र्याची खोली दिलेली होती आणि खोलीसमोरच धुण्याची जागा. तेरा वर्षं तिचं जग तेवढंच होतं.

धुणं म्हटलं की लोकांना वाटतं, त्यात काय मोठं? एक दिवस करून बघावं. फुलांच्या बादलीला आतून बुळबुळीत थर धरतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण दुसऱ्या दिवशीचं फूल त्या पाण्यात मान टाकतं. म्हणून आधी ब्रशने घासायचं, मग साबण, मग दहा मिनिटं ब्लिचिंगच्या पाण्यात बुडवायचं, मग दोनदा साधं पाणी आणि शेवटी सावलीत पालथं घालायचं. आधी घाण काढायची, मग औषध. घाणीवर औषध ओतणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. हे सगळं झालं की झुंबरबाई ओल्या बादलीच्या आतून बोट फिरवायची. कुंई असं वाजलं तर बादली पास, नाही वाजलं तर पुन्हा पहिल्यापासून. दत्तू तिला हसायचा. हसू दे, बादली खोटं बोलत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

कात्र्या चोवीस होत्या. प्रत्येकीच्या मुठीला वेगळ्या रंगाचा दोरा आणि भिंतीवर प्रत्येकीचा खिळा. एक वाफा कापून झाला की बाईने हातातली कात्री तिच्या डब्यात टाकायची आणि धुतलेली दुसरी घ्यायची, असा नियम होता. कुणी आळस केला तर झुंबरबाई थेट वाफ्यात जाऊन हातातली कात्री काढून घ्यायची. अशा माणसाला मैत्रिणी कुठून मिळणार?

त्यात तिच्या अंगाला येणारा वास. दुपारी बायका आंब्याखाली भाकरी सोडून बसत, तेव्हा ती आपल्या खोलीत जेवायची. तिला कुणी ऊठ म्हटलं नव्हतं. फक्त एकदा, ब्लिचिंगच्या वासाने कालवणाची चव जाते, असं कुणीतरी बोलून गेलं होतं, तेवढं तिला पुरलं. तिचा मुलगा राजू एकलहऱ्याला वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला होता. ती दिवाळीला त्याच्याकडे जायची. एका दिवाळीत सुनेने तिने पांघरलेली गोधडी बाहेर दोरीवर टाकली आणि तीन दिवस आत घेतली नाही. त्यानंतर ती सकाळी जाऊन संध्याकाळच्या गाडीने परत येऊ लागली. गंमत अशी की तिला स्वतःला तो वास येतच नव्हता. लोकांची नाकं बघून तिला कळायचं.

तिच्याशी बसून बोलणारं माणूस अख्ख्या दुनियेत एकच होतं. गोरक्षभाऊंची आई, मालनबाई.

सकाळी सातच्या आत मालनबाई अंघोळ करून, हातात परडी घेऊन फुलं तोडायला यायच्या. देवापुरती अकरा फुलं तोडून झाली की परत जाताना टाकीपाशी थांबायच्या, पालथ्या क्रेटवर टेकायच्या आणि पंधरा-वीस मिनिटं दोघी बोलत राहायच्या. गुडघे कसे आहेत, रात्री झोप लागली का, गावाकडे कोण गेलं, स्वप्नात कोण आलं. दोघींचे नवरे गेलेले आणि दोघींच्या मुलांना बोलायला सवड नव्हती. कुणी असंही समजू नये की त्या वेळेपुरती मालकीण आणि मजूर हा भेद पुसला जायचा. मालनबाई क्रेटवर बसत आणि झुंबरबाई खाली, आणि बंगल्यातून चहा आलाच तर तिचा कप वेगळा असे. पण बोलणं खरं होतं. त्या वीस मिनिटांवर झुंबरबाईचा उरलेला दिवस निघायचा.

मालनबाईंची फुलं तोडायची कात्री वेगळी होती. द्राक्षबागेच्या वेळची, त्यांच्या नवऱ्याच्या हातातली, लाकडी मुठीची. ती देवघरात असायची. फार वर्षांपूर्वी एकदा झुंबरबाईने ती धुवायला म्हणून हात पुढे केला होता.

"राहू दे," मालनबाई म्हणाल्या होत्या. "देवाची हाय ती. तुझ्या त्या डब्यात सतरा जणींच्या कात्र्या पडत्यात."

हात मागे आला तो आलाच. भिंतीवर खिळे चोवीसच राहिले.

तर डॉक्टर झाडं बघून झाल्यावर धुण्याच्या जागी आले. त्यांनी ब्लिचिंगच्या पाण्यात कागदाची पट्टी बुडवली आणि तिचा रंग बघून मान हलवली. एका बादलीत बोट फिरवलं. बादली वाजली. बाईंचं काम चोख आहे, असं ते म्हणालेही. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, की एक कोडं काही सुटत नाही. याच कात्र्या दोन्ही गुलाबी पॉलिहाऊसमध्ये जातात, पण तिथे एकाही झाडाला गाठ नाही.

यावर दत्तू पुढे झाला. साहेब येणार म्हणून आज सगळं चोख असेल, पण बाईंचं वय झालंय, एखाद दिवशी विसरत असतील, असं त्याने सुचवलं. गुलाबीची जात काटक असेल, असंही वर जोडलं. दत्तूला येऊन दोन वर्षं झाली होती. कानामागून आला आणि तिखट झाला, त्यातली गत. डॉक्टरांना पुढच्या गावी जायचं होतं. रोगट झाडांना तांबड्या चिंध्या बांधायला सांगून ते गाडीत बसले.

चारशे झाडं जाळायची होती. गोरक्षभाऊ वाईट माणूस नव्हते. ते ओरडले नाहीत, उलट टाकीपाशी आले ते आवाज खाली करूनच.

"मावशी, लय वर्षं केलंत तुम्ही. आता राजूकडे जाऊन आराम करा. परवापर्यंत त्याला बोलवून घ्या."

"माझ्या हातनं चूक झाली म्हणता का, भाऊ?"

"तसं नाय म्हणत मी."

"मग कसं म्हणता?"

भाऊंनी खिशातून फोन काढला. तो वाजला नव्हता, तरी कानाला लावून ते चालायला लागले.

झुंबरबाई बराच वेळ ब्रश हातात घेऊन बसून राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं तिच्या मनात आलं. पण चोर कोण, हे तरी तिला कुठे ठाऊक होतं? आणि आयुष्यात आपलं म्हणावं असं तिच्याकडे होतं काय? घर नाही, जमीन नाही. झुंबरबाईच्या हातची बादली म्हणजे बघायला नको, एवढं एक नाव होतं. ते गेलं तर एकलहऱ्याला जाऊन ती कोण होणार होती? सुनेच्या दारातली एक वासाची म्हातारी.

संध्याकाळी ती नेहमीप्रमाणे बादल्या गोळा करायला निघाली. जायचं असलं म्हणून काय झालं, बादल्या तशाच टाकून थोड्याच जायच्या? पांढऱ्या पॉलिहाऊसमध्ये शिरली आणि तिची नजर चिंध्यांवर गेली. सगळ्या चिंध्या मधल्या वाटेला लागून होत्या, वाफ्यांच्या तोंडाशी. आत एकही नव्हती. लालमध्येही तसंच, पिवळ्यातही तसंच. तोडणीच्या बायका तर वाफ्यात पार शेवटापर्यंत जातात. त्यांच्या कात्र्यांनी रोग पसरला असता तर तो आतही दिसला असता.

वाटेवरूनच, आत न जाता, हाताला येईल तेवढंच कोण तोडतं?

ज्याचे गुडघे आत जाऊ देत नाहीत, ते.

ती तिथेच खाली बसली. पांढरा, लाल, पिवळा. सोमवारी महादेवाला पांढरी फुलं. मंगळवारी आणि शुक्रवारी वणीच्या देवीला लाल. गुरुवारी दत्ताला पिवळी. उरलेल्या दिवशी याच तिन्हींतली मिळून. गुलाबी फूल मालनबाईंच्या देवघरातल्या कुठल्याच देवाला लागत नव्हतं. डॉक्टरांना न सुटलेलं कोडं झुंबरबाईला सुटलं, कारण त्या घरचे वार तिला पाठ होते. आणि सुटल्याचा तिला काडीचा आनंद झाला नाही.

भाऊंना जाऊन सांगितलं तर तिचं नाव राहणार होतं. पण मग आपल्या आईच्या हाताने बाग आजारी पडली, हे भाऊंना बायकांसमोर ऐकावं लागलं असतं आणि मालनबाई पुन्हा त्या क्रेटवर बसल्या नसत्या. गप्प बसलं तर नाव जाणार, आणि तिच्यामागे जी कुणी धुवायला येईल तिच्या माथीही हेच येणार. तिने राजूला फोन केला. तो म्हणाला ये, न्यायला येतो. मग थोडं थांबून म्हणाला, की येताना जुने कपडे आणू नकोस, इथे नवे घेऊ. तो मायेनेच म्हणाला. तिला मात्र दोरीवरची गोधडी आठवली.

सकाळी सातला मालनबाई आल्या. गुरुवार होता, परडीत पिवळी फुलं होती. त्या क्रेटवर टेकल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. गोरख्याला रात्री किती सांगून बघितलं, पण तो ऐकत नाही, असं त्या म्हणाल्या. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "तू बी नीट बघायचं ना गं, झुंबर. कात्र्या धुवायच्या, एवढंच तर काम होतं."

झुंबरबाईला हे लागलं. दत्तूचं लागलं नव्हतं, भाऊंचंही इतकं नाही. पण तेरा वर्षं समोर बसून आपलं काम बघणाऱ्या बाईलाही तसंच वाटावं?

"माई," ती म्हणाली, "गुलाबी हाऊसमधी एक पण गाठ नाय."

"म्हणत होता गोरख्या."

"माझ्या चोवीस कात्र्या गुलाबीत बी जात्यात अन् पांढऱ्यात बी जात्यात. एकच कात्री हाय, ती गुलाबीत जात नाय."

मालनबाईंना कळायला वेळ लागला. कळलं तसा त्यांचा हात परडीतल्या कात्रीवर गेला आणि तिथेच राहिला.

"देवाची हाय ती."

"व्हय. देवाची हाय म्हणून तर ती कुणी धुतली नाय."

मालनबाई कात्रीकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "त्यांचा हात लागलेला हाय गं हिला."

म्हणजे सतरा जणींचं, देवाचं, ते सगळं वरवरचं होतं. आत हे होतं. झुंबरबाईला इतक्या वर्षांत ते कळलं नव्हतं. तिच्या स्वतःच्या नवऱ्याचा हात लागलेली एकही वस्तू तिच्यापाशी नव्हती.

"मी कुणाला सांगणार नाय, माई," ती म्हणाली. "उद्या राजू येतोय. जायच्या आधी तुम्हाला तेवढं ठावं असावं. माझ्या हातनं नाय झालं."

मालनबाई उठल्या. गुडघ्यांवर हात देऊन, रोज झुंबरबाई हात द्यायची तो न घेता उठल्या आणि वळून न बघता बंगल्याकडे गेल्या.

त्या दिवशी झुंबरबाईने खोलीतलं होतं नव्हतं ते एका पिशवीत भरलं. उरलेल्या वेळात सगळे क्रेट धुतले, ब्रश उकळत्या पाण्यातून काढले, चोवीस कात्र्यांना तेलाचा हात फिरवून त्या खिळ्यांना लावल्या. येणाऱ्या बाईला नावं ठेवायला जागा मिळायला नको.

चारच्या सुमाराला गोरक्षभाऊ आले. त्यांच्या हातात देवघरातल्या तांबड्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्यांनी तिच्यापुढे धरलं, पण तिच्याकडे बघितलं नाही.

"आईनं दिलीय. म्हणाली, झुंबरला सांग, हिला बी धू. आजपासून रोज."

झुंबरबाईने दोन्ही हात पदराला पुसले आणि कात्री घेतली.

"राजूला फोन करा," भाऊ म्हणाले. "येऊ नको म्हणावं."

चुकलो, असं ते म्हणाले नाहीत. मालक लोक तसं म्हणत नसतात आणि तिलाही ते ऐकायचं नव्हतं. माई कशा आहेत, एवढंच तिने विचारलं. देवघरात बसलीय, सकाळपासून जेवली नाही, असं सांगून ते गेले.

ती कात्री तिने सतरा जणींच्या डब्यात टाकली नाही. खोलीतून आपलं एक लहान पातेलं आणलं, ते घासलं, त्यात ताजं पाणी घेतलं. पात्यांवर चिकाचा काळा थर होता, वर्षानुवर्षांचा. साबण लावून, जुन्या दात घासायच्या ब्रशने, घाई न करता तिने तो काढला. पातं उजळ झालं तशी तिला भीती वाटायला लागली. मुठीकडे यायचं होतं. मुठीवरचा मळही काळाच होता आणि तो निघत होता. निघता निघता खालून लाकूड दिसलं, आणि लाकडात एक खोलगट खाच. द्राक्षाचे हजारो घड कापताना एका माणसाचा अंगठा जिथे टेकला होता, तिथे लाकूड झिजलं होतं. झुंबरबाईने त्या खाचेवर ब्रश फिरवला, ब्लिचिंगच्या पाण्यात बुडवलं, दोनदा साध्या पाण्यातून काढलं. खाच तशीच होती. ती धुण्याने जाणारी नव्हतीच.

तिला इतका आनंद झाला की उठून बंगल्यावर पळत जावंसं वाटलं. पण बंगल्याच्या पायऱ्या ती कधी चढली नव्हती. सकाळी सांगू, असं तिने ठरवलं. माईंचा अंगठा धरून त्या खाचेवर ठेवायचा आणि म्हणायचं, बघा, हात आहे तिथंच आहे.

तिने चोवीस खिळ्यांच्या वर, थोड्या अंतराने, एक नवा खिळा ठोकला आणि कात्री त्याला लावली.

सकाळी सातला मालनबाई आल्या नाहीत. भाऊंची बायको तृप्ती आली, खिळ्यावरची कात्री घेऊन फुलं तोडली, ती परत धुवायला दिली. आईंचे गुडघे दुखतायत, म्हणाली. झुंबरबाईने पुसून ठेवलेल्या क्रेटकडे तिने एकदा बघितलं आणि उभ्या उभ्याच निघून गेली. तिच्याजवळ खाचेचा निरोप द्यावा असं झुंबरबाईच्या ओठांवर आलं होतं. पण काही गोष्टी दुसऱ्याच्या तोंडी पाठवल्या की त्यांचं भलतंच होतं. माई येतील तेव्हा सांगू, म्हणून ती गप्प राहिली.

त्याला आता चार महिने झाले. चारशे झाडं जळली, त्या जागी नवी रोपं लागली, त्यांनाही कळ्या आल्या. नवी गाठ कुठे दिसली नाही. बायका कात्री बदलायला आता कुरकुर करत नाहीत, दत्तूही मावशी म्हणतो. कात्री रोज येते, धुतली जाते, वाळते, पुन्हा देवघरात जाते. मालनबाई कधीमधी बंगल्याच्या ओट्यावर उन्हाला बसलेल्या दिसतात. त्यांचं तोंड रस्त्याकडे असतं.

झुंबरबाई अजूनही सगळे क्रेट धुऊन सावलीत वाळत घालते. त्यातला एक मात्र ती सातच्या आत उचलते, आतून बाहेरून पदराने कोरडा पुसते आणि टाकीच्या कडेला पालथा ठेवते. बसणाऱ्याचं लुगडं ओलं व्हायला नको.